क्रोमच्या चाकांवर रंग उडाला तर ॲसिडची बाटली उघडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आमच्या डिचोलीत, म्हणजे खरं तर सगळ्या गोव्यातच, रस्त्याच्या कडेला नरकासुराचे पुतळे उभे राहायला लागतात. वाड्यावाड्यावरची पोरं रात्र रात्र जागतात, बांबूचा सांगाडा, गवत, कागद असं सगळं करून शेवटी स्प्रेचे डबे नाहीतर कंप्रेसर आणि गन घेऊन रंगवायला लागतात. पाऊस नुकताच गेलेला असतो म्हणून घराघरात गेट, ग्रील, कंपाउंडचं रंगकाम पण तेव्हाच निघतं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, स्पीडब्रेकरचे पिवळे पट्टे मारायला कंत्राटदाराची माणसंही त्याच सुमारास येतात. या सगळ्या रंगाचा थोडा तरी भाग जवळ लावलेल्या गाडीवर जातोच. बॉडीवर उडालेला माणूस लगेच बघतो, चाकावरचा दोन-चार दिवसांनी लक्षात येतो आणि तोवर तो सुकून घट्ट झालेला असतो. मग जो तो सांगेल ते लावून बघतात आणि चांगली क्रोमची चाकं कायमची खराब करून घेतात, म्हणून हे पत्र.

मी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात बरीच वर्षं आहे. रंग लावणं जितकं बघितलंय तितकंच काढणंही बघितलंय, आणि सगळ्यात जास्त नुकसान रंगाने होत नाही, तो काढायच्या घाईने होतं हे माझं ठाम मत आहे. रंग कधीही काढता येतो, आज नाही निघाला तर पुढच्या रविवारी निघेल. क्रोम गेलं की गेलं, ते परत करायचं म्हणजे जुना थर उतरवा, खालचं धातूकाम घासून बफिंग करा, तांबं चढवा, निकेल चढवा आणि मग वर क्रोम, एवढा सगळा खर्च आणि खटाटोप, आणि तेही असं काम करणारा चांगला माणूस सापडला तर.

लोकांना वाटतं क्रोम म्हणजे जाड चकचकीत धातू आहे. तसं नसतं. गाडीच्या चाकावर, बंपरवर जे शोभेचं क्रोम असतं त्यात चकाकी बहुतेक खालच्या निकेलची असते, निकेलचा थर साधारण १० ते ४० मायक्रॉन आणि त्याच्यावरचा क्रोमियमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही आतबाहेर. माणसाच्या डोक्याचा केस धरा साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे त्या केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर एका भागाइतकंही क्रोम तुमच्या चाकावर नसतं. क्रोमियम स्वतः फार कडक धातू आहे, पोलादापेक्षाही कडक, पण एवढ्या पातळ थरात कडकपणा किती पुरणार, खालचं निकेल त्यामानाने मऊ, आणि पॉलिश पेपरचे कण तर क्रोमपेक्षाही कडक असतात. म्हणून पॉलिश पेपर, ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश, भांडी घासायची हिरवी घासणी यातलं काहीच क्रोमवर चालत नाही. हिरव्या घासणीत पण घासायचे बारीक कण बसवलेले असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ती मऊ लागते म्हणून लोक निश्चिंत घासत बसतात.

आता ॲसिडचं सांगतो कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. एका ओळखीच्या माणसाकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे, त्याने ती जीवापाड सांभाळलीय, चाकांवर क्रोमच्या कॅप. घराच्या गेटला ऑइल पेंट मारताना त्या कॅपवर काळे शिंतोडे उडाले. तो गाडी धुवायला एका ठिकाणी घेऊन गेला, तिथल्या पोराने चांगल्या मनानेच सांगितलं की ॲसिड लावू, दोन मिनिटांत जाईल. लावलं. शिंतोडे गेले खरे पण कॅपचा तो निळसर आरसा जाऊन फिकट पिवळट झाक आली, आणि पुढच्या पावसात त्याच जागी तांबूस ठिपके दिसायला लागले. गाडी माझ्याकडे आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, ती पिवळट झाक म्हणजे उघडं पडलेलं निकेल.

झालं काय तर हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘ॲसिड’ म्हणून जी बाटली मिळते आणि संडास साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये जे असतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. क्रोमियम त्यात विरघळतं. प्लेटिंगच्या कारखान्यात जुनं क्रोम उतरवायचं असतं तेव्हा हेच ॲसिड वापरतात, त्यांचं ते रोजचं काम आहे. आणि गंमतीचा भाग नाही हा, नीट ऐका, सुकलेला ऑइल पेंट ॲसिडला फारशी दाद देतच नाही. तो निघाल्यासारखा दिसतो कारण त्याच्या कडेने ॲसिड आत शिरतं, खालचं क्रोम खातं आणि रंगाची पकड सुटते. म्हणजे रंग काढण्यासाठी आपण त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतो.

दुसऱ्या कुठे कोरड्या गावात असतं तर कदाचित थोडं निभावलं असतं. इथे नाही. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, आणि वर्षभर दमटपणा. क्रोम-निकेलचा थर शाबूत आहे तोवर खालचं लोखंड झाकलेलं असतं, पण त्याला सुईच्या टोकाएवढं जरी भोक पडलं तर तिथलं लोखंड साध्या उघड्या लोखंडापेक्षा जास्त वेगाने गंजतं, कारण वरचं निकेल आणि खालचं लोखंड खारट पाण्यात मिळून एक बॅटरीसारखं काम करतात आणि झीज सगळी लोखंडाची होते. चाक अलॉयचं म्हणजे ॲल्युमिनियमचं असेल तर तांबूस गंज येत नाही, पांढरी भुकटी येते आणि क्रोमला फोड येऊन ते पापुद्र्यासारखं सुटतं. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे बघितलेलं असणारच.

कॉस्टिक सोड्याचं वेगळं. तो ऑइल पेंट खरोखर काढतो, जुने लाकडी दरवाजे साफ करायला वापरायचे. पण ॲल्युमिनियमला तो खातो, आणि अलॉय चाकावर कुठे क्रोमला बारीक भोक असेल तर तिथून आत शिरून काम करतो आणि वरून कळतही नाही. ब्लीच लावणारे पण भेटलेत मला, क्लोरीनने क्रोमला बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीच आणि ॲसिड एकामागून एक कधीच लावू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, हा मुद्दा चाकापेक्षा मोठा आहे.

मग करायचं काय? आधी चाक कसलं आहे ते ओळखा, कारण आज रस्त्यावर जी चकचकीत चाकं दिसतात त्यातली बरीचशी क्रोमची नसतातच. कंपनीतून येणारी बहुतेक अलॉय ही रंग देऊन वर क्लिअरकोट मारलेली असतात, डायमंड कट म्हणतात ती पण उघडं ॲल्युमिनियम आणि वर पारदर्शक कोट अशीच. बाजारात वर बसवायच्या ज्या कॅप मिळतात त्या प्लास्टिकच्या, त्यावर क्रोम असतं पण खाली प्लास्टिक. खरं क्रोम थोडं निळसर आणि आरशासारखं स्वच्छ दिसतं, त्यात तुमचा चेहरा नीट दिसतो. चुंबक घट्ट चिकटला तर खाली पोलाद आहे, जुन्या गाड्यांच्या डिस्क, कॅप, बुलेटच्या रिम अशा असतात. नखाने टकटक केली आणि बद्द आवाज आला तर प्लास्टिक. आणि थिनर चालेल का ते बघायला चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, कापसाच्या काडीने थेंबभर थिनर लावून बघा, चिकट झालं किंवा चमक मेली तर तिथे कोट आहे आणि त्या चाकाला थिनर चालणार नाही. प्लास्टिकच्या कॅपला तर थिनर, ॲसिटोन लांबच ठेवा, ते प्लास्टिक विरघळतं आणि क्रोम वर सुरकुततं. हे एवढं बघायला पाच मिनिटं लागतात पण लोक बघत नाहीत.

मग रंग कसला आहे ते. भिंतीचा डिस्टेंपर, इमल्शन हे पाण्यातले रंग, ताजे असतील तर साबणाच्या कोमट पाण्यानेच जातात, सुकले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मेडिकलमध्ये मिळतं ते, मऊ पडतात. गेट-ग्रीलचा ऑइल पेंट ताजा असताना टर्पेंटाइनने किंवा रॉकेलने सहज निघतो, महिनाभर सुकला की मात्र टर्पेंटाइन त्याला काही करत नाही. नरकासुराच्या स्प्रेच्या डब्यातला रंग बहुतेक लॅकर किंवा ॲक्रिलिक, तो कितीही जुना झाला तरी एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरमध्ये परत विरघळतो, म्हणून दिसायला भयंकर वाटतो पण काढायला सगळ्यात सोपा. गॅरेजमधला हार्डनर घालून मारलेला पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन रंग सगळ्यात अवघड, तो एकदा पिकला की थिनरने नुसता थोडा फुगतो, विरघळत नाही.

रस्त्याच्या पट्ट्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. ते जाड पांढरे पट्टे असतात ना, ते थर्मोप्लास्टिक, साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापवून ओततात आणि वर काचेचे बारीक मणी टाकतात, रात्री हेडलाइट पडला की चमकायला. ते काही मिनिटांत घट्ट होतं, पण त्या मिनिटांत तुम्ही वरून गेलात तर टायर ते उचलून चाकावर आणि मडगार्डच्या आत फेकतो. काही ठिकाणी साधा पातळ रोड पेंट मारतात, तो सुकायला जास्त वेळ घेतो आणि जास्त उडतो. हा रंग घासायचा नाही! त्यात काचेचे मणी आहेत, क्लिअरकोटवर तुम्ही फडक्याने घासलंत तर तुम्हीच त्याचा पॉलिश पेपर करताय. चांगली गोष्ट ही की गुळगुळीत क्रोमवर कुठलाच रंग घट्ट बसत नाही, रंगारी लोक क्रोमवर मुद्दाम रंग द्यायचा असेल तर आधी खरवडून घेतात ते यासाठीच. म्हणून थर्मोप्लास्टिकचा थेंब गरम पाण्याने नाहीतर हेअर ड्रायरने थोडा गरम केला आणि जुन्या एटीएम कार्डाची कड खाली घातली की बऱ्याचदा अख्खाच टणकन सुटतो.

काढायची माझी पद्धत सांगतो. चाक शक्यतो गाडीवरून काढून घ्या. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, हँडब्रेक लावलेला आणि दुसऱ्या चाकाला दगड. काढायचं यासाठी की थिनर, स्ट्रिपर, तेल यातलं काहीही ब्रेकच्या डिस्कवर किंवा ब्रेकपॅडवर ओघळलं तर ब्रेक कमी लागतो, आणि चाकावरचा रंग ही ब्रेकपुढे काहीच गोष्ट नाही. काढणं जमत नसेल तर मागे प्लास्टिक घालून नीट झाका. टायरला आणि हवा भरायच्या वॉल्व्हच्या रबराला मास्किंग टेप लावा, रॉकेल-थिनरने रबर फुगतं. आणि रिमच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात त्यांच्याकडे लक्ष ठेवा, त्यांच्या टेपचा गोंद थिनरने सुटतो, वजन पडलं की हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

चाक थंड पाहिजे, सावलीत पाहिजे. नुकतीच चालवून आणलेली गाडी असेल तर ब्रेकमुळे चाक तापलेलं असतं, त्यावर थिनर लावला तर तो काम करायच्या आधीच उडून जातो आणि पेटायची भीती वेगळी. मग भरपूर पाण्याने आणि शॅम्पूने धुवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे चाकावर किनाऱ्याची रेती आणि डिचोली-साखळीकडे खाणीची लाल धूळ असते, ती तशीच ठेवून फडकं फिरवलं की ओरखडे त्या रेतीचे पडतात आणि दोष थिनरला जातो. धुऊन झाल्यावर नख लावून बघा. बरेच शिंतोडे नखानेच निघतात, नाहीतर कार्डाने, नाहीतर लाकडाची चपटी काडी. दाढीची पत्ती, पुट्टी लावायची लोखंडी पट्टी नको. हवेतून आलेला बारीक रंगाचा धुरळा असेल, हात फिरवला की खरखरीत लागतो तो, तर शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेला क्ले बार, म्हणजे गाडी साफ करायची मऊ मातीसारखी वडी, हलक्या हाताने फिरवला की पुरतं, आणि तो क्लिअरकोटच्या चाकालाही चालतो. धूळ मात्र पूर्ण गेलेली पाहिजे.

नाही निघालं तर एकेक पायरी वर जायचं. आधी टर्पेंटाइन किंवा रॉकेल, मग अल्कोहोल, मग एनसी थिनर. थिनर ओतायचा नाही. जुन्या बनियनचा तुकडा भिजवून डागावर ठेवायचा, वर प्लास्टिकची पिशवी झाकायची म्हणजे तो उडत नाही, पाच मिनिटं थांबायचं आणि मग पुसायचं, घासायचं नाही. लगेच फडकं बदलायचं, नाहीतर विरघळलेला रंग तुम्ही सगळ्या चाकभर पसरवताय. इथे घाई करणारे सगळे हरतात. मी असे डाग बघितलेत की जे पहिल्यांदा हलले सुद्धा नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी फडक्याबरोबर आपोआप आले.

पीयू रंग असेल किंवा कुणीतरी अख्खं क्रोम चाक काळं रंगवलेलं असेल, हल्ली ती फॅशन आहे, तर पेंट रिमूव्हर जेल लागतं. ब्रशने जाड थर द्यायचा, प्लास्टिकने झाकायचं, डब्यावर दिला असेल तेवढाच वेळ, बहुतेक दहा ते वीस मिनिटं, सुकू द्यायचं नाही, रंग फुगून सुरकुतला की प्लास्टिकच्या कडेने उचलायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचं. पण एक गोष्ट आधीच मनाशी धरा, ज्याने चाक रंगवलं त्याने आधी क्रोम पॉलिश पेपरने घासलं असेल तर रंगाखाली आरसा मिळणार नाही, ओरखडेच मिळतील, आणि त्यात रिमूव्हरचा दोष नाही. रबरासारखा सोलून निघणारा रंग असतो त्याचं तसं नाही, त्याचं टोक पकडून सोललं की खालचं क्रोम आहे तसं मिळतं. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग, असेल तर घरी हात घालू नका.

जेल घेताना डब्यावर मिथिलीन क्लोराईड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलंय का ते वाचा. ते काम झटपट करतं पण त्याची वाफ श्वासात गेली की शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, बंद जागेत त्याने माणसं मेलेली आहेत, अमेरिकेत तर २०१९ साली सामान्य गिऱ्हाइकाला असं रिमूव्हर विकायलाच बंदी आली. पोर्चचं शटर ओढून, पंखा बंद करून हे काम करू नका. हातात डब्यावर सांगितलेले, त्या रसायनाला टिकणारे ग्लोव्ह्ज घाला, साधे रबरी पातळ ग्लोव्ह्ज थिनरमध्ये टिकत नाहीत आणि पातळ नायट्रिलचेही थिनर, मिथिलीन क्लोराईडपुढे फार वेळ टिकत नाहीत.

ब्रेक ऑइलने रंग निघतो असं गॅरेजमध्ये सांगतात. निघतो, खरं आहे, पण तो बाजूच्या बॉडीचा रंगही तेवढ्याच प्रेमाने काढतो, एक थेंब मडगार्डवर पडला तरी फोड येतो, त्यामुळे मी कुणाला सांगत नाही. पेट्रोलने पुसणारे पण आहेत. पेट्रोलची वाफ कडक थंडीतसुद्धा पेट घेते, आणि ॲसिटोन, थिनरही त्याच जातीचे. दिवाळीत तर अंगणात पणत्या असतात, बाहेर पोरं फटाके वाजवतात, त्याच अंगणात थिनरचा डबा उघडा ठेवून चाक पुसत बसणं म्हणजे काय ते विचार करा. ते चार दिवस थांबा, रंग कुठे पळून जात नाही.

शेवटी राहिलेली बारीक झाक काढायला स्टील वूल चालतं, पण सगळ्यात बारीक, चार शून्याचं म्हणतात ते, आणि साबणाचं पाणी किंवा तेल लावून. कोरडं नाही, आणि फक्त खऱ्या क्रोमवर, क्लिअरकोटवर अजिबात नाही. त्याचे तुकडे चाकाच्या खाचेत राहिले तर आपल्या हवेत दोन दिवसांत तांबडे ठिपके दिसतात आणि वाटतं क्रोमच गंजलं, म्हणून नंतर नीट धुवा. पितळी तारेचं वूल मिळालं तर ते जास्त बरं. जुना हलका गंज असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासा, ती क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. मग क्रोमचं सौम्य पॉलिश, रबिंग कंपाउंड नको, आणि वर वॅक्सचा हात. वॅक्स लावलेल्या चाकावर पुढच्या वेळी रंग उडाला तर तो नखानेच जाईल, हा फायदा लोक विसरतात, म्हणून नरकासुर उभा राहायच्या आधीच लावून ठेवा.

थिनर-रंगाचे बोळे, जेलचा राडा गटारात किंवा माडाच्या मुळात टाकू नका. आपल्याकडे अजून कितीतरी घरांना विहिरीचं पाणी आहे, डिचोली, सत्तरी, पेडणे इकडे तर आहेच, आणि ते पाणी घरातली पोरंच पितात. ॲसिडने क्रोम उतरवलं तर त्यात निकेल आणि क्रोमियम विरघळून जातं, ते असंच अंगणात ओतलेलं मी बघितलंय आणि फार वाईट वाटलं. ऑइल पेंटचे बोळे गोळा करून कोपऱ्यात ढीग घालू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, मोकळ्या जागेत पसरून पूर्ण सुकवा आणि मग पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कचऱ्यात वेगळे द्या.

आता ज्यांच्याकडून रंग उडतो त्यांना. नरकासुर करणाऱ्या पोरांविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही, मी स्वतः त्या वयात रात्री जागलोय आणि ती परंपरा टिकावी असंच मला वाटतं. फक्त गन चालवायच्या आधी आजूबाजूच्या घरात सांगा, बाबांनो गाडी तासभर पुढे लावा, कुणी नाही म्हणत नाही. वारा असताना स्प्रे मारू नका, बारीक रंग वाऱ्यावर किती लांब जातो ते मारणाऱ्याला कळत नाही, सुकत सुकत जातो आणि तीन घरं सोडून चौथ्या गाडीवर बसतो. गेट रंगवणाऱ्या घरमालकांनी पण रंगाऱ्याला एक जुनी चादर द्यावी, शेजाऱ्याची गाडी झाकायला.

आणि रस्त्याचे पट्टे मारणाऱ्या कंत्राटदारांना आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या खात्याला माझी जाहीर विनंती आहे, आपल्या वृत्तपत्रातून ती पोचावी म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं. पट्टा मारला की सुकेपर्यंत त्यावर कोन ठेवा आणि एक माणूस उभा करा. स्पीडब्रेकर रंगवताना निदान अर्धा रस्ता आधी आणि अर्धा नंतर असं करा, म्हणजे गाड्यांना जायला कोरडी बाजू मिळेल. काम शक्यतो रात्री उशिरा करा, सकाळी शाळा-ऑफिसच्या गर्दीत नको. स्कूटरवाल्यांचं तर चाकच नाही, कपडेही जातात, आणि ओल्या गुळगुळीत रंगावर पावसाची एखादी सर आली तर दुचाकी घसरते, ते चाकाच्या रंगापेक्षा किती तरी गंभीर आहे. ज्यांच्या गाडीवर असा रंग उडाला त्यांनी घरी जाईपर्यंत थांबू नका, वाटेत जिथे पाण्याचा पाइप दिसेल तिथे विचारून चाकांवर आणि मडगार्डच्या आत जोरात पाणी मारा, पहिल्या अर्ध्या तासात जेवढं जातं तेवढं नंतर दिवसभर खपून जात नाही.

आपला,
एक वाचक, डिचोली